अवकाळी म्हणायचे कोणाला?

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेले असते. मृग एखाद्या वर्षी कोल्ह्यावर बसून येतो, एखाद्या वर्षी हत्तीवर. वाहन बेडूक किंवा म्हैस असेल तर पाऊस चांगला, कोल्हा असेल तर हुलकावणीचा, असे गावागावांतली म्हातारी माणसे आजही सांगतात. हवामानखात्याचा अंदाज हातातल्या फोनवर आला तरी पंचांगातल्या वाहनाची चौकशी थांबलेली नाही. परंतु ही सारी वाहने मृगापासून स्वातीपर्यंतच. दिवाळीच्या सुमारास स्वाती आटोपते आणि पाऊस या विषयावर पंचांग बोलायचे थांबते. त्यानंतर मार्गशीर्षात, पौषात, माघात जो पाऊस येतो त्याला वाहन नाही. तो बिनबोलावता येतो, पायी येतो, आणि पुष्कळदा हातात गारांची गोफण घेऊन येतो. त्याला आपण एकच नाव दिले आहे: अवकाळी.

या लेखाचे भांडण त्या नावाशी आहे. अवकाळी म्हणजे ज्याची वेळ नव्हती तो. ज्याची वेळच नव्हती त्याची तयारी कोण करणार आणि का करणार? एखाद्या संकटाला ‘अवकाळी’ म्हटले की सरकारची जबाबदारी निम्मी कमी होते, विमा कंपनीची आणखी थोडी कमी होते, आणि आपली, म्हणजे शहरात बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्यांची, पूर्णच संपते. निसर्ग कोपला, असे म्हणून पुढच्या पानाकडे वळता येते. पण गेल्या पंधरा-सोळा वर्षांचा हिशेब समोर ठेवला तर हा पाहुणा इतक्यांदा येऊन गेला आहे, की त्याला अनोळखी म्हणण्याचा हक्क आपण केव्हाच गमावला आहे.

थोडी उजळणी करू. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर येऊन आदळले. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीने राज्य झोडपून काढले. त्या वेळच्या ३५ जिल्ह्यांपैकी २८ जिल्ह्यांना तिचा फटका बसला. शेतात गारांचे थर साचलेली छायाचित्रे पाहून हे काश्मीर की मराठवाडा, असा प्रश्न पडावा. दुसऱ्याच वर्षी, २०१५ च्या मार्चमध्ये, पुन्हा गारा. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात ‘ओखी’ वादळ अरबी समुद्रात विरत गेले, पण विरता विरता मुंबईच्या शाळांना सुटी द्यायला लावून आणि नाशिकच्या द्राक्षबागांत पाणी ओतून गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, जालना, बीड आणि विदर्भाचा काही भाग गारांखाली सापडला. डिसेंबर २०२१ च्या आरंभी पावसात आणि त्यामागून आलेल्या गारठ्यात पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेकडो मेंढ्या उघड्यावर कुडकुडून मेल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस विदर्भात गारपीट झाली. २६ नोव्हेंबर २०२३ च्या दुपारी नाशिक जिल्ह्यात गारांनी ऐन भरात आलेल्या बागा झोडल्या. ही यादी पूर्ण नाही. सहज आठवणाऱ्या घटनांचीच आहे. इतक्या वेळा येणाऱ्याला अवकाळी म्हणायचे, तर मग काळ म्हणायचे कोणाला?

यावर एक उत्तर तयार असते: हवामान बदलले. ते खोटे नाही. तापलेला समुद्र हवेला अधिक बाष्प पुरवतो, एवढे भौतिकशास्त्र आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण प्रत्येक गारेच्या माथी हवामानबदलाचा शिक्का मारण्याची घाई करू नये. हिवाळ्यातला पाऊस आपल्याकडे नवा नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला चक्रीवादळाने गाठले होते, तेव्हा हवामानबदल हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. हिंदीत या पावसाला मावठ, गुजरातीत मावठुं असे खास शब्द आहेत. ज्या पावसाला भाषेने स्वतंत्र नाव दिले तो काही काल-परवा उपटलेला नसतो. शिवाय हा पाऊस सदासर्वदा शत्रूही नव्हता. जिरायती गव्हाला आणि हरभऱ्याला योग्य वेळी एखादी हलकी सर मिळाली की शेतकरी समाधानाने मान डोलावत असे.

हा पाऊस येतो तरी कसा, हे समजून घेणे अवघड नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी विक्षोभ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडून उत्तर भारतात येतात. हिमालयात बर्फ आणि पंजाबात पाऊस पडतो तो त्यांच्यामुळे. एरवी त्यांचा प्रवास आपल्या डोक्यावरून, बराच उत्तरेकडून होतो. पण एखादी प्रणाली दक्षिणेकडे झुकली, की वरच्या थरांत उत्तरेची कोरडी, गार हवा मध्य भारतापर्यंत घुसते. त्याच सुमारास खाली अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आले, की वर थंड आणि खाली उबदार अशी अस्थिर मांडणी तयार होते. दुपारच्या उन्हाने जमीन तापते, दमट हवा वेगाने वर उसळते आणि दोन-तीन तासांत आकाशाला भिडणारा काळा ढग उभा राहतो.

गारा पावसाळ्यात क्वचित आणि हिवाळ्याच्या शेवटी वारंवार का पडतात, याचे उत्तरही यातच आहे. पावसाळ्यात हवेचा सगळा स्तंभच उबदार आणि दमट असतो. पाणी गोठण्याची पातळी उंच असते आणि वर झेपावणारे प्रवाह तुलनेने मवाळ असतात. वर बर्फ झालाच तरी खाली येईपर्यंत तो वितळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पातळी खाली उतरलेली असते आणि जमीन मात्र तापू लागलेली असते. ढगातला प्रवाह बर्फाचा कण पुन्हा पुन्हा वर फेकतो, त्याच्यावर थंड पाण्याची पुटे चढत जातात, आणि त्याचे वजन हवेला पेलेनासे झाले की तो खाली सुटतो. बोराएवढी गार ताशी कित्येक किलोमीटर वेगाने द्राक्षाच्या घडावर बसते तेव्हा वर्षाची मेहनत किती मिनिटांत संपते हे पाहायला घड्याळ लागत नाही.

पाऊस आणि गारांच्या जोडीला तिसरे संकट असते ते गोठण्याचे. ते अगदी उलट हवामानात येते. आकाश निरभ्र, वारा पडलेला, रात्र लांब. जमिनीतली ऊब ढगांचे पांघरूण नसल्याने सरळ आकाशात निघून जाते आणि थंड, जड हवा सखल भागात साचते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण होतात ते याच रीतीने. निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. आम्ही वर्तमानपत्रवाले अशा दिवशी काय करतो? मोटारीच्या टपावरचे हिमकण बोटाने खरवडणाऱ्या पर्यटकांचे छायाचित्र पहिल्या पानावर छापतो आणि खाली ‘मिनी काश्मीर’ असे लिहून मोकळे होतो. त्याच पहाटे त्याच तलावाजवळच्या वाफ्यांत स्ट्रॉबेरीची पाने काळवंडत असतात, निफाडला द्राक्षाचे मणी फुगायचे थांबलेले असतात, आणि जळगावकडे केळीची वाढ खुंटलेली असते. दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी अशी तफावत वाढली की हिरव्या द्राक्षमण्यांवर गुलाबी छटा येते. खाणाऱ्याला त्याने काही अपाय नसतो, पण निर्यातदार तो माल बाजूला काढतो. शेतकरी मात्र त्या रात्री झोपत नाही. बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतो आणि वीज असेल तर भल्या पहाटे विहिरीचे पाणी सोडतो, कारण विहिरीचे पाणी त्या वेळी हवेहून उबदार असते.

मग पूर्वीपेक्षा नुकसान एवढे अधिक का? याचे अर्धे उत्तर आकाशात असेल. उरलेले अर्धे जमिनीवर आहे, आणि त्याची चर्चा आपण फार कमी करतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हिवाळ्यात आपल्या शिवारात काय उभे असे? शाळू, हरभरा, करडई, जवस, थोडा गहू. ही पिके कमी भांडवलाची आणि चिवट. त्यांचेही नुकसान होई, पण घर बुडत नसे. आज त्याच हिवाळ्यात शेतात उभी असतात ती एकरी लाखोंचा खर्च मागणारी पिके. द्राक्षाची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. म्हणजे नोव्हेंबरचा पाऊस तिला फुलोऱ्यात गाठतो, डिसेंबरचा मणी धरताना आणि फेब्रुवारी-मार्चचा काढणीत. फुलोऱ्यात पाऊस लागला की कुज आणि गळ, पाठोपाठ डावणी. तयार मालावर लागला की मणी तडकतात. सांगली-तासगावकडे शेडमध्ये वाळत घातलेल्या बेदाण्याला दमट हवा लागली की त्याचा रंग जातो आणि रंगाबरोबर भाव. कांद्याला करपा, गव्हाला तांबेरा, तुरीच्या फुलांना धुके, झाडावर फुटलेल्या कापसाला ओल, आंब्याच्या मोहोराला तुडतुडे आणि भुरी. हवामानाने हात थोडा जोरात उगारला असेल. पण त्याच्यासमोर काच आपण मांडली आहे.

हे शेतकऱ्याला दोष देण्यासाठी सांगितलेले नाही. करडई पेरून पोरांचे शिक्षण होत नाही, म्हणून तो द्राक्षाकडे वळला. तसे वळावे म्हणून बँकांनी कर्जे दिली, सरकारने अनुदाने दिली, निर्यातीच्या आकड्यांचे कौतुक आपण सगळ्यांनी केले. परकीय चलन देशाचे आणि गारा मात्र त्याच्या एकट्याच्या, ही वाटणी न्याय्य नाही, एवढेच म्हणणे आहे.

आणि शेतमालक तरी निदान हिशेबात येतो. हिवाळ्यातल्या पावसाची झळ बसणारे असे कितीतरी आहेत की ज्यांच्या नावाचा पंचनामाच होत नाही. गळीत हंगामासाठी बीड, नगर, जालन्याकडून आलेली ऊसतोड कुटुंबे नोव्हेंबरपासून उघड्या माळावर पाचटाच्या कोप्यांत राहतात. रात्री पाऊस आला की कोपीत पाणी शिरते, चूल विझते, धान्य भिजते, आणि कडेवरच्या पोरासह बाई रात्रभर उभी असते. सकाळी फडात चिखल असतो. तोड बंद म्हणजे मजुरी बंद. वीटभट्टीवर थापून ठेवलेल्या हजारो कच्च्या विटांचा एका सरीत पुन्हा गारा होतो, आणि थापणाऱ्याची मजुरी पक्क्या विटांवर मोजली जाते. किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी भिजली की तिला कोणी विचारत नाही, आणि ती वाळत घालणाऱ्या कोळणीच्या नावावर सातबारा नसतो. मेंढपाळाचा वाडा आज या रानात, उद्या त्या रानात. २०२१ च्या डिसेंबरात मेलेल्या मेंढ्यांचे पंचनामे होईपर्यंत उरलेला कळप त्याच गारठ्यात उभा होता. अवकाळी पावसाच्या बातमीत ‘पिकांचे नुकसान’ हे शब्द हमखास असतात. माणसांचे नुकसान त्यात क्वचित असते.

आता मदतीकडे येऊ. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत गारपीट आहे. थंडीची लाट आणि हिमबाधा यांनाही २०१२ पासून स्थान मिळाले आहे. २०१५ साली नुकसानीची किमान मर्यादा ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली गेली, हेही चांगले झाले. पण २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेले दर पाहा: बागायतीला हेक्टरी १७,००० रुपये, बहुवार्षिक फळपिकांना २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकारे त्यात वेळोवेळी आपली भर घालतात. तरीही द्राक्षबागेच्या औषधांचा खर्च यातून भरून निघत नाही, मग बाग उभी करण्याचा तर प्रश्नच नको. ही मदत म्हणजे सांत्वन आहे, भरपाई नव्हे. सांत्वनालाही मोल असते, पण ते वेळेवर पोचले तर.

भरपाईचे काम विम्याने करायचे. हवामानावर आधारित फळपीक विमा हवामानकेंद्राच्या नोंदीवर चालतो. केंद्र साधारणपणे महसूल मंडळाला एक, आणि मंडळात अनेक गावे. गारपिटीचा पट्टा कधी कधी किलोमीटर-दोन किलोमीटर रुंदीचा असतो. एका गावाची राखरांगोळी आणि शेजारच्या गावात ऊन. मंडळातल्या केंद्राने ती गार पाहिलेलीच नसते. पाहिली तरी पर्जन्यमापकात ती वितळून पाणीच होते. म्हणून गारपिटीसाठी वेगळा हप्ता, वेगळे संरक्षण, आणि नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळविण्याची अट. ज्याच्या गावात वीज तीन दिवस आलेली नाही आणि ज्याच्या फोनची बॅटरी पहिल्याच रात्री संपली आहे, त्याने हे ७२ तास कसे मोजायचे?

मग करायचे काय? पहिली गोष्ट अगदी साधी आणि बिनखर्चाची आहे. मे महिन्यात प्रत्येक जिल्ह्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. नाले, पूल, बोटी, औषधे, धान्य यांची यादी तपासली जाते, नियंत्रणकक्ष सुरू होतो. तशीच एक बैठक दसरा-दिवाळीच्या दरम्यान हिवाळ्यासाठी व्हावी. कोणत्या तालुक्यात कोणते पीक कोणत्या अवस्थेत असेल, ऊसतोडणीच्या टोळ्या कोठे उतरल्या आहेत, मेंढपाळांचे वाडे कोणत्या वाटेने जाणार आहेत, पाऊस आला तर शाळा, समाजमंदिरे, कारखान्याची गोदामे कोणी उघडायची, याची यादी त्या बैठकीत व्हावी. गळीत हंगामाचा परवाना मागणाऱ्या कारखान्याला मजुरांच्या निवाऱ्याचा हिशेब विचारणे हे काही अशक्य कोटीतले काम नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. गार कोठे पडली, केवढी पडली, किती वेळ पडली याची गाववार विश्वसनीय नोंद आपल्याकडे होत नाही. थर्माकोलच्या चौकोनी तुकड्यावर पातळ चकचकीत पत्रा चढवून तो मोकळ्या जागी ठेवला की गारांचे वळ त्यावर उमटतात. अनेक देशांत हे साधे उपकरण वापरतात. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या गच्चीवर असा एक तुकडा ठेवायला कितीसा खर्च येणार? विम्याचा अर्धा वाद तेथेच मिटेल. त्याबरोबरच रडारचे जाळे दाट व्हायला हवे. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी वाकत जाते. म्हणून मुंबईच्या आणि नागपूरच्या रडारला मधल्या शेकडो किलोमीटरच्या प्रदेशातले ढग जमिनीलगत दिसणे कठीण. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ ऍप तयार केले आहे. ते शिवारातल्या बाईच्या फोनपर्यंत पोचले तर जीव वाचतील.

तिसरी गोष्ट संरक्षणाची. येथे भुलवणारे उपाय पुष्कळ आहेत. ढगांवर तोफा डागून गारा फोडण्याची कल्पना अधूनमधून डोके वर काढते. तिला शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक हवामान संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. त्याउलट हिमाचलच्या सफरचंदबागांवर ताणलेल्या जाळ्या किंवा द्राक्षावरचे प्लॅस्टिकचे आच्छादन हे उपाय साधे आहेत आणि उपयोगाचे आहेत. अडचण पैशाची आहे. नुकसानीनंतर वर्षानुवर्षे वाटल्या जाणाऱ्या रकमेचा काही भाग नुकसानीपूर्वी आच्छादनासाठी दिला, तर हिशेब कोणाच्या बाजूने लागेल, हे एकदा प्रामाणिकपणे मांडून पाहावे. शेतकऱ्यांनीही साऱ्या बागेची छाटणी एकाच आठवड्यात उरकण्याऐवजी ती टप्प्याटप्प्याने करण्याचा, आणि एका पिकावर सारा संसार न टांगण्याचा विचार करायला हवा. तो त्यांना कळत नाही असे नाही. बाजार आणि मजुरांची टंचाई त्यांना तसे करू देत नाही. सल्ला देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवलेले बरे.

या सगळ्याच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. पावसाळ्याशी आपले नाते जुने आहे. त्याची नक्षत्रे आपल्याला पाठ आहेत, त्याच्या वाहनांची नावे आपण पोरांना सांगतो, त्याच्यासाठी पेरणी राखून ठेवतो आणि तो रुसला तर देव पाण्यात घालतो. हिवाळ्यातल्या पावसाला मात्र आपण अजून उंबऱ्याबाहेर उभे केले आहे, जणू ओळख दाखवली नाही तर तो परत जाईल. तो जात नाही. येत्या कार्तिकात किंवा माघात तो पुन्हा येईल, आणि आपण पुन्हा ‘अवकाळी’ असा मथळा देऊ.

निदान तो शब्द तरी टाकून देऊ या. त्याला हिवाळी पाऊस म्हणू, साध्या नावाने. ज्याला नाव आहे आणि वेळ आहे त्याच्यासाठी तयारी करावी लागते. आणि तयारी केली नाही तर, का केली नाही, असे कोणालातरी विचारता येते.